मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायचं कसं, आणि त्यासाठी आधी आपण मोठ्यांनी एकत्र कसं यायचं

सगळ्यात महत्त्वाचं आधी. हे वाचायला घेताना तुमच्या डोळ्यांसमोर एखादा ठराविक मुलगा किंवा मुलगी येत असेल आणि पोटात गोळा येत असेल, तर बाकीचं नंतर वाचा. आत्ता उठून त्या मुलाजवळ जाऊन बसा, त्याला एकटं सोडू नका आणि मदत बोलवा. भारतात असाल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या देशात असाल तर तिथलाही असा नंबर असतो, तो शोधून फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि वाचणारा किंवा वाचणारी तूच असशील, हे विचार तुझ्याच मनात येत असतील, तर आज, झोपायच्या आधी, एका मोठ्या माणसाला सांग. नीट शब्द सापडले नाहीत तरी चालतील, "मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ बस" एवढं म्हटलं तरी पुरे. त्या माणसाला कळलंच नाही तर दुसऱ्याला सांग, त्यालाही नाही कळलं तर तिसऱ्याला. ऐकून घेणारं कुणीतरी असतं, फक्त कधी कधी ते पहिल्या फेरीत भेटत नाही.

आता बाकीच्यांसाठी.

आमच्याकडे एक मुलगा आत्महत्येने गेला. त्याच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ते सांगायचं की नाही हे त्याच्या घरच्यांनी ठरवायचं. मला लिहायचंय ते आम्ही मागे राहिलेल्या मोठ्या माणसांबद्दल, कारण त्यानंतरचे कितीतरी आठवडे आम्ही एकच गोष्ट करत होतो, कारण शोधत होतो. कुणी म्हणे मोबाईल, कुणी म्हणे अभ्यासाचं टेन्शन, कुणी शाळेवर घसरलं, कुणी चक्क त्याच्या आईवर, आणि जो तो आपापलं कारण सापडलं की सुटकेचा श्वास टाकायचा, कारण ते कारण आपल्या घरात नाहीये ना मग आपलं मूल सेफ आहे. त्या सगळ्या आठवड्यांत एकाही मोठ्या माणसाने त्याच्या मित्रांना बसवून विचारलं नव्हतं की बाबांनो तुम्ही कसे आहात. ते आम्हाला एका मुलीने तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं. तिथून आमच्या ग्रुपचं काम सुरू झालं. पुढे जे लिहिलंय ते त्यानंतर शिकलेलं, वाचलेलं, चुकत चुकत केलेलं आहे.

समजून घ्यायचं म्हणजे नक्की काय

तुम्ही बातम्या बघा, "मोबाईल दिला नाही म्हणून", "आई रागावली म्हणून", "कमी मार्क पडले म्हणून". हा "म्हणून" पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. आत्महत्येमागे एकच एक कारण जवळजवळ कधीच नसतं. बरेच दिवस आत काहीतरी साचत आलेलं असतं, म्हणजे डिप्रेशन असेल, चिंता असेल, घरातली मारहाण, कुणीतरी केलेलं लैंगिक शोषण, शाळेतलं सततचं चिडवणं आणि छळणं, दारू किंवा ड्रग्ज, जवळचं माणूस जाणं, किंवा आपण इतरांसारखे नाही, आपल्याला मुलगेच आवडतात किंवा मुलीच आवडतात आणि हे घरी कळलं तर आपण संपलो ही भीती. आधी कधी प्रयत्न झालेला असेल तर धोका सगळ्यात जास्त, हे पक्कं लक्षात ठेवा. मग या साचलेल्यावर एक दिवस ठिणगी पडते, अपमान, ब्रेकअप, रिझल्ट, कुणीतरी व्हायरल केलेला फोटो. आणि त्याच क्षणी जीव घ्यायचं साधन हाताशी असलं तर. बातमीत फक्त ती ठिणगी येते. पण थांबवायला जागा तिन्हीकडे आहे, साचतं तिथे, ठिणगी पडते तिथे, आणि साधन असतं तिथे, म्हणून मी हे एवढं लांबण लावून सांगतेय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून जास्त माणसं आत्महत्येने जातात आणि १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये हे तिसऱ्या नंबरवर आहे. एका मृत्यूमागे न मेलेले, प्रयत्न केलेले कितीतरी जण असतात. म्हणजे "आपल्यात असं नाही होत" हे वाक्य कुठल्याच ठिकाणी खरं नाही.

थॉमस जॉइनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एक मांडणी केली होती, ती मला मुलांशी बोलताना सगळ्यात उपयोगी पडली. त्याचं म्हणणं असं की जगणं नकोसं होतं तेव्हा दोन भावना एकत्र येतात, मी सगळ्यांना ओझं झालोय, आणि मी कुणाचाच नाही. आता नीट ऐकलं तर पोरांच्या बोलण्यात हे दोन सूर सारखे सापडतात. "माझ्यामुळेच घरात भांडणं होतात." "मी नसले तर त्यांचे पैसे तरी वाचतील." "गेलो काय आणि राहिलो काय, कुणाला फरक पडतो." आपण हे नाटक म्हणून सोडून देतो. सोडू नका.

आणि एक दिलासा देणारी गोष्ट, जी आम्हाला आधी माहीतच नव्हती. मरायची ती तीव्र लाट बहुतेक वेळा थोडा वेळ टिकते, काही मिनिटं, काही तास, आणि मग ओसरते. त्यातून या वयात मेंदूचा पुढचा भाग, जो थांब जरा विचार कर असं सांगतो, तो पूर्ण पिकलेला नसतो, त्याला पंचविशीपर्यंत वेळ लागतो, त्यामुळे लाट जोरात येते आणि ब्रेक कच्चा असतो. पण ओसरते. अमेरिकेत १९७८ मध्ये एक अभ्यास आला होता, एका पुलावर १९३७ ते १९७१ या काळात जीव द्यायला आलेल्या आणि अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं ते त्यात पाहिलं होतं. सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. लोक म्हणतात ना, ज्याला जायचंय तो जातोच, ते साफ खोटं आहे. बहुतेकांना मरायचं नसतं, तो त्रास थांबायला हवा असतो.

काय दिसलं की कान टवकारायचे

मला चेकलिस्ट आवडत नाहीत कारण मग आयाबाया रात्रभर जागून मुलांवर टिकमार्क करत बसतात. एकच धरून ठेवा, मूल इतर मुलांपेक्षा वेगळं वागतंय का हा प्रश्न नाही, ते स्वतः पूर्वी होतं त्यापेक्षा वेगळं झालंय का हा प्रश्न आहे. बडबडं मूल गप्प झालं, झोप उडाली किंवा दिवसभर झोपायलाच लागलं, जे जिवापाड आवडायचं ते सोडून दिलं, मित्र टाळायला लागलं. आणि हे नीट वाचा, या वयात डिप्रेशन रडून दिसेलच असं नाही, कितीदा ते चिडचिड म्हणून दिसतं, दार आपटणं, अंगावर येणं, आणि मुलग्यांच्या बाबतीत तर आपण त्याला मस्ती, माज, वयच तसं आहे असं म्हणून मोकळे होतो.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी बोलायचं. मरणाबद्दल बोलणं, लिहिणं, चित्रं काढणं, किंवा फोनवर त्याबद्दल शोधणं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं. निरोप घेतल्यासारखं बोलणं, "माझ्यानंतर हे तू घे" वगैरे. स्वतःला जखमा करून घेणं. आणि बरेच दिवस फार वाईट गेल्यानंतर अचानक एकदम शांत, हलकं होणं. सुधारलं वाटतं म्हणून आपण निश्चिंत होतो, ते खरंच सुधारलेलंही असू शकतं, पण कधी कधी मनाशी काही ठरवून टाकल्यामुळे ती शांतता आलेली असते, म्हणून विचारून खात्री करायची.

विचारायचं कसं

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळं इथे अडतं.

प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, अहो असं थेट विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल. ही भीती मलाही होती. पण यावर मुलांवरच अभ्यास झालाय. न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर, २००५ मध्ये तो छापून आला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही, आणि ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढली नाही, त्यांच्या मनात ते विचार नव्याने आले असंही दिसलं नाही. उलट जी मुलं आधीच त्रासात होती त्यांना विचारल्यानंतर किंचित हलकंच वाटलेलं दिसलं. विचारल्याने काही पेरलं जात नाही, जे आत आहे त्याला बाहेर यायला दार मिळतं.

आता आपण मराठी माणसं हा प्रश्न कसा विचारतो बघा. "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना रे?" या वाक्यातच उत्तर भरलेलं आहे. "नाही ना" म्हणताना आपण त्याच्याकडून "नाही" मागतोय, आणि "वेडंवाकडं" म्हणून आधीच सांगून टाकलंय की तसं मनात असेल तर तू वेडा. मूल अर्थातच "नाही" म्हणणार आणि आपण सुटलो. "जिवाचं काही बरंवाईट करून घेणार नाहीस ना" हेही तेच. शब्द नीट उच्चारायला लागतात, मरावंसं वाटणं, जीव द्यावासा वाटणं, आत्महत्या. आम्ही ट्रेनिंगमध्ये जोड्या करून एकमेकांना हा प्रश्न मोठ्याने विचारून बघितला, पहिल्यांदा सगळ्यांचीच जीभ अडखळली, दोन जणींना रडू आलं, पण दहाव्या वेळेला तो प्रश्न तोंडात बसला. हे करूनच बघा, मनातल्या मनात प्रॅक्टिस होत नाही.

समोरासमोर खुर्च्या टाकून, डोळ्यात डोळे घालून नको, मुलांना ते चौकशीसारखं वाटतं. चालता चालता, शेजारी बसून, काहीतरी काम करत असताना. सुरुवात तुम्हाला जे दिसलं त्यापासून करा, म्हणजे त्याला कळतं की हे माझ्याकडे खरंच बघत होते. साधारण असं:

"हल्ली तू ग्राउंडवर येत नाहीस. परवा सगळ्या हसत होत्या तेव्हा तू एकटी खाली बघत बसली होतीस. काय चाललंय?"

"काही नाही मावशी. कंटाळा आलाय."

"कशाचा?"

"सगळ्याचाच."

"कधी कधी माणसाला इतकं असह्य होतं की जगूच नये असं वाटतं. तुला वाटतं का तसं? जीव द्यावा असं येतं मनात?"

"...येतं. कधी कधी."

"बरं झालं मला सांगितलंस. मी इथेच आहे, मला कुठे जायचं नाहीये. कधीपासून येतं?"

यानंतर तुम्ही गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे, कारण आपल्या आत घाबरगुंडी उडालेली असते आणि ती सल्ल्याच्या रूपाने बाहेर येते. "अगं एवढ्याशा गोष्टीसाठी?" नको, तिच्यासाठी ती एवढीशी नाहीये. "आमच्या वेळी तर" अजिबात नको. "आईबाबांचा विचार केलास का, त्यांचं काय होईल?" हे वाक्य प्रेमापोटी येतं हे मला कळतं, पण जी मुलगी आधीच स्वतःला ओझं समजतेय तिच्या डोक्यावर तुम्ही अजून एक ओझं ठेवताय. आणि "माझी शपथ घे, असं काही करणार नाहीस" हेही नको. शपथेने धोका कमी होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही, फक्त पुढच्या वेळी विचार आला की शपथ मोडल्याच्या लाजेने ती तुम्हालाच सांगायची बंद होते.

हो म्हटलं तर पुढचे प्रश्न शांत आवाजात विचारायचेत. कसं करायचं असं काही मनात ठरवलंयस का, त्यासाठी काही जमवून ठेवलंयस का, कधी करायचं असं डोक्यात आहे का, आधी कधी प्रयत्न केला होतास का. यातल्या कशालाही हो आलं तर ती आजची इमर्जन्सी आहे, उद्या सकाळी बघू असं नाही. सोबत राहायचं, बाथरूमपर्यंतही कुणीतरी जवळपास, आणि हॉस्पिटल किंवा मानसोपचारतज्ज्ञ. ठरवलेलं काही नसलं तरी काउन्सेलर किंवा डॉक्टर हवाच, फक्त थोडं धावपळ न करता.

"कुणाला सांगू नका हं" असं मूल म्हणणार. खोटं वचन देऊ नका. आम्ही हे वाक्य ठरवून ठेवलंय: "तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे हे मी एकटी ठेवू शकत नाही, पण कुणाला सांगायचं, कसं सांगायचं हे आपण दोघी मिळून ठरवू, आणि सांगताना मी तुझ्याबरोबर असेन." मूल चिडेल, चिडू दे. आणि एक अपवाद डोळे उघडे ठेवून बघा, त्रास घरातूनच होत असेल, म्हणजे मारहाण किंवा शोषण, तर सरळ त्याच घरात जाऊन सांगायचं नाही, आधी काउन्सेलर किंवा बालसंरक्षणाचं काम करणारी यंत्रणा. भारतात त्यासाठी १०९८ हा नंबर आहे.

विचारलं, सांगितलं, आता पुढे

डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे हा प्रश्न घरच्यांना खातो. त्यासाठी सेफ्टी प्लॅन नावाची साधी गोष्ट आहे, बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी तयार केलेली. मोठ्या माणसांवर झालेल्या, २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात इमर्जन्सी विभागातून घरी जाताना ज्यांच्याबरोबर बसून असा प्लॅन केला आणि नंतर फोनवर पाठपुरावा ठेवला, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येसंबंधीच्या कृती नेहमीच्या उपचारांच्या मानाने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्या. काउन्सेलरबरोबर करता आला तर उत्तम, पण त्यात काय असतं हे आपल्याला माहीत हवं. लाट यायला लागली हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकट्याने काय करून वेळ काढू शकतो. कुठे जाऊ, कुणाजवळ नुसता बसू, विषय न काढता. कुणाला फोन करून सरळ सांगू शकतो. डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर. आणि घरातलं काय काय माझ्यापासून लांब ठेवायचं. हे मुलाने स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दात लिहायचं, आपण डिक्टेट करायचं नाही. एका मुलाने "लाट कळते कशावरून" समोर लिहिलं होतं की मी फोनचा ब्राइटनेस एकदम कमी करतो. हे जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, आणि त्याच्या बहिणीला तेवढं कळलं तरी खूप झालं. कागदाचा फोटो काढून फोनमध्ये, दोन माणसांकडे कॉपी.

घर सुरक्षित करायचं म्हणजे औषधं, कीटकनाशकं, शस्त्र असं जे काही असेल ते कुलपात किंवा सरळ घराबाहेर. "तो काहीतरी दुसरं शोधेलच" असं वाटतं ना? तिथेच ती ओसरणारी लाट आठवा. साधन आणि मूल यांच्यात दहा मिनिटांचं अंतर पडलं तरी ती दहा मिनिटं जीव वाचवू शकतात. श्रीलंकेत सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या मानाने २०१५ पर्यंत जवळपास ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही ७० टक्के कमी झाली नव्हती. हे ज्या घरात मूल त्रासात आहे तिथेच नाही, मुलं असलेल्या प्रत्येक घरात करून टाका, मग कुणावर बोट दाखवल्यासारखं होत नाही.

ग्रुप कसा जमवायचा

सहा ते आठ माणसं पुरेत सुरुवातीला. पालक, एखादे शिक्षक, एक डॉक्टर किंवा नर्स, खेळाचे कोच, आणि ज्यांच्याकडे मुलं आपणहून जाऊन बसतात असं प्रत्येक ठिकाणी एक माणूस असतं, ते. पद मोठं असलेली माणसं कमी घ्या. आणि मुलं घ्या. आम्ही पहिले चार महिने मुलांशिवाय मुलांबद्दल बोलत होतो, ते वाया गेले असं मी स्पष्ट म्हणेन.

हे नुसतं माझं मत नाही. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळांमधल्या ११ हजारांवर मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायचं ट्रेनिंग दिलं, एका गटात तज्ज्ञांनी मुलांची तपासणी केली, आणि एका गटात मुलांनाच काही तास मानसिक आरोग्य, ताण, मित्राला मदत कशी करायची हे रोल प्ले करून शिकवलं. वर्षभराने फक्त त्या तिसऱ्या गटात नवीन प्रयत्न साधारण निम्म्यावर आलेले दिसले. शिक्षकांचं ट्रेनिंग करू नका असं मी म्हणत नाहीये, आम्हीही करतो, पण तेवढ्यावर थांबू नका. मूल पहिल्यांदा बोलतं ते मित्राशी, रात्री एक वाजता चॅटवर. तो मित्रही चौदा वर्षांचाच असतो आणि त्याला वाटतं गुपित ठेवणं म्हणजे दोस्ती. त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं की हे एक गुपित मोडायचं, मोठ्या माणसाला सांगायचं, मित्र महिनाभर बोलला नाही तरी चालेल. आणि त्याला जिवंत ठेवायची जबाबदारी तुझी नाही, तुझं काम फक्त पोचवायचं.

एक काम शाळेत करता येतं आणि ते फार बोलकं आहे. एका बंद खोलीत, मुलं नसताना, एका वर्गाच्या सगळ्या मुलांची नावं भिंतीवर लावायची आणि प्रत्येक शिक्षक, शिपाई, लायब्ररीवाल्या बाई, कोच, सगळ्यांनी ज्या मुलाशी आपलं खरंच बोलणं होतं त्याच्या नावापुढे टिकली लावायची. काही नावांपुढे पंधरा टिकल्या असतात, काहींपुढे एकही नसते. ती बिनटिकलीची नावं वाटून घ्यायची, गाजावाजा न करता, आणि रोज दोन मिनिटं, नावाने हाक मारून, अभ्यास सोडून काहीतरी बोलायचं. कागद नंतर फाडून टाका, फोटो काढू देऊ नका.

मदतीच्या नंबरांची यादी करताना प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावून बघा. आमच्या पहिल्या यादीतले निम्मे नंबर बंद होते किंवा उचलतच नव्हते. किशोरवयीन मुलं बघतात का, अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते, पैसे किती, सगळं विचारून लिहा, आणि दर तीन महिन्यांनी परत लावा.

ग्रुपमधल्या माणसांनाही जड होतं, एका वेळी दोघांनी मिळून एका मुलाशी जोडलेलं राहायचं म्हणजे एकटं कुणी पडत नाही. आणि कुठल्याही मुलाचं नाव व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही, ग्रुप कितीही विश्वासातला असला तरी.

घडून गेलं तर

एवढं सगळं करूनही एखादं मूल जाऊ शकतं. तेव्हा पहिले दोनतीन दिवस फार महत्त्वाचे, कारण या वयात एकामागून दुसरं जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. घरच्यांना विचारून, त्यांना चालेल तेवढंच पण खरं सांगा, अफवा मुलांपर्यंत आपल्याआधी पोचलेल्याच असतात. छोट्या गटात सांगा, माइकवरून नाही. कसं केलं, कुठे केलं, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही बोलायचं नाही, फॉरवर्ड करायचं नाही. "सुटला बिचारा" म्हणायचं नाही आणि "भेकड होता" असंही नाही. श्रद्धांजली एखादं मूल आजाराने गेलं असतं तर जशी केली असती तशीच, त्याहून मोठी नाही, कमीही नाही.

स्थानिक बातमीदारांना आपणहून भेटा. व्हिएन्नात १९८७ मध्ये मेट्रोतल्या आत्महत्यांच्या बातम्या कशा द्यायच्या याचे नियम तज्ज्ञांनी पेपरवाल्यांना दिले, त्यांनी ते पाळले, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत मेट्रोतल्या घटना पहिल्या सहामाहीपेक्षा ८० टक्क्यांहून जास्त उतरल्या. त्यामुळे बातमीत पद्धत नको, फोटो नको, "म्हणून" नको, हेल्पलाइनचा नंबर हवा, हे सांगायला लाजू नका.

जवळच्या मित्रांकडे सगळे बघतात. जरा बाजूला बघा, भावंडं, ज्याच्याशी शेवटचं भांडण झालं होतं तो, आणि जो मित्र नव्हता पण आधीच स्वतःच्या त्रासात होता तो. प्रत्येकाला वरचा प्रश्न, थेट. त्या घरी जा. काय बोलू म्हणून लोक जात नाहीत आणि ते घर वाळीत टाकल्यासारखं होतं. काही बोलू नका, मुलाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण असेल तर ती सांगा, का केलं असेल हे मात्र विचारू नका. तिसऱ्या महिन्यात परत जा, तोवर सगळ्यांचं येणं थांबलेलं असतं.

आणि जे मूल प्रयत्नातून वाचून घरी येतं. हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात आणि नेमकं तेव्हाच सगळे सुटलो एकदाचे म्हणून सैल पडतात. शाळेत परतायच्या आधी त्याच्याबरोबर बसून ठरवा, कुणाला काय माहीत असेल, कुणी विचारलं तर तो काय सांगेल, वर्गात जीव घाबरला तर उठून कुणाकडे जायचं.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हॉस्पिटलमधून सुटलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ लोकांचे दोन गट केले होते. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, दोन ओळींची, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, वाटलं तर कळवा, एवढंच. दुसऱ्या गटाला काही नाही. पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी राहिलं, पहिल्या दोन वर्षांत तर स्पष्टच. आम्ही आता तेच मेसेजवर करतो. एका मुलामागे दोन मोठी माणसं, आधी त्याला विचारून, पहिले काही आठवडे दर आठवड्याला, मग महिन्याला एकदा, आणि कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावून, कारण आठवणीवर सोडलं की राहून जातं. सल्ला नाही, "अभ्यास कसा चाललाय" नाही. "आज तुझी आठवण आली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल." गेल्या महिन्यात एका मुलाने अकराव्या मेसेजला पहिल्यांदा उत्तर दिलं, एक अंगठा. बारावा मेसेज कुणी पाठवायचा ते त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलंय.